बाणाचे क्रियापद : आम्ल, आम्लारी व क्षार यांच्या समीकरणांची मराठी वाक्ये

विज्ञानाच्या मराठी परिभाषेविषयी आपल्याकडे आजवर जी चर्चा झाली, ती बहुतांशी नामांची चर्चा आहे. ऑक्सिजनला प्राणवायू म्हणावे की डॉ. रघुवीर यांच्या पद्धतीने जारक म्हणावे, हायड्रोजनचा उदजन केल्याने काय साधते, या प्रश्नांवर पुष्कळ शाई खर्ची पडली. १९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेसाठी स्थायी आयोग स्थापन केला आणि मूलद्रव्यांची नावे व चिन्हे आंतरराष्ट्रीयच ठेवावीत हे तत्त्व पुढे रूढ झाले. तेव्हापासून त्या वादाची धार गेली. परंतु शास्त्रीय विधान केवळ नामांनी होत नाही. ते क्रियापदाने होते, विभक्तिप्रत्ययाने होते, कर्ता कोण व कर्म कोण याच्या निश्चितीने होते. या अंगाकडे परिभाषाकारांनी फारसे पाहिलेले नाही. प्रस्तुत टिपणात एका लहानशा क्षेत्रापुरते ते पाहावयाचे आहे : आम्ल, आम्लारी व क्षार पाण्यात टाकले असता जे घडते त्याची समीकरणे, आणि ती समीकरणे मराठीत ज्या वाक्यांनी वाचली जातात ती वाक्ये.

निमित्त असे घडले. काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या मराठी अभ्याससाहित्याची भाषा तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले. रसायन तपासण्याचा अधिकार आपला नाही, शुद्धलेखन व वाक्यरचना एवढेच आपले क्षेत्र, अशा समजुतीने ते स्वीकारले. प्रत्यक्षात दोहोंमधील सीमारेषा सापडेना. एका पानावर तीन समीकरणे एकाखाली एक मांडलेली होती आणि तिन्हींच्या खाली एकच वाक्य, फक्त नाव बदलून, तीनदा दिले होते. येथे ती समीकरणे चिन्हांऐवजी मुद्दाम अक्षरांत देतो, कारण आपला विषय त्यांच्या वाचनाचा आहे.

हायड्रोजन क्लोराइड → हायड्रोजन आयन + क्लोराइड आयन

सोडियम हायड्रॉक्साइड → सोडियम आयन + हायड्रॉक्साइड आयन

सोडियम क्लोराइड → सोडियम आयन + क्लोराइड आयन

वाक्य असे : 'अमुक पदार्थाचे पाण्यात आयनीभवन होते.' पुढच्या पानावर याच अर्थाने 'आयनीकरण' हा शब्द आला होता, त्याच्या पुढच्या पानावर 'विचरण'. पर्यायी शब्दांनी लेखनास वैचित्र्य येते हे ललित वाङ्मयात खरे असेल. येथे त्या वैचित्र्याने तीन निराळ्या घटना एक होऊन गेल्या.

प्रथम मिठाचे पाहू. 'आयनीभवन' या शब्दातील दीर्घ ईकार हा संस्कृत व्याकरणातील च्वि प्रत्ययाचा अवशेष आहे. शुक्लीभवन, घनीभवन, भस्मीकरण हे सर्व त्याच कुळातील शब्द. हा प्रत्यय केव्हा लावावा याविषयी वैयाकरणांनी घातलेली अट प्रसिद्ध आहे : अभूततद्भाव. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे. पांढऱ्या वस्त्राचे शुक्लीभवन होत नाही, मळलेल्याचे होते. आता मिठाचा स्फटिक घ्या. पितापुत्र ब्रॅग यांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली, तेव्हा त्यात सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू कोठेच आढळला नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती अखंड मांडणी आहे. म्हणजे पाण्यात पडण्यापूर्वीच तेथे आयन आहेत. पाण्याचा थेंबही न घालता मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळविले तर त्या रसातून वीज वाहते, ती याचमुळे. जे आधीच आयन आहे त्याचे आयनीभवन व्हावे कसे ? च्वि प्रत्ययाची अटच येथे पुरी होत नाही. 'मिठाचे आयनीभवन' हा प्रयोग रसायनदृष्ट्या चुकीचा आहे हे रसायनज्ञ सांगतील. तो व्याकरणदृष्ट्याही चुकीचा आहे, आणि दोन्ही चुका मुळात एकच आहेत, एवढे येथे सांगावयाचे आहे.

उलट 'विचरण' हा शब्द मिठाला नेमका लागू पडतो. वि + चर्, म्हणजे इतस्ततः हिंडणे. स्फटिकात जखडलेले आयन पाण्याने सुटे केले आणि ते हिंडू लागले. मूळ ग्रीक शब्दाशीही त्याचे नाते जुळते. १८३४ मध्ये फॅरडेने विल्यम ह्यूएल या पंडिताच्या सल्ल्याने जी नावे रूढ केली, त्यांतील 'आयन' याचा अर्थ 'जाणारे' असा आहे. ग्रीकमधील हा धातू आणि संस्कृतातील 'इ' हा गत्यर्थक धातू एकाच मुळाचे. उत्तरायण-दक्षिणायनातील 'अयन' त्याच 'इ' पासून आले. इंग्रजी उच्चारावरून घेतलेला आपला 'आयन' हा त्या दृष्टीने फार दूरच्या प्रवासाहून घरी परतलेला नातलग म्हणावयास हरकत नाही. अर्थात ध्वनिसादृश्यावर फार विसंबू नये. येथे ते सुदैवाने खोटे ठरत नाही, इतकेच.

मग मिठाला 'आयनीभवन' चिकटले कोठून ? याचे उत्तर इतिहासात आहे. अऱ्हेनियसने १८८४ चा उप्साला येथील प्रबंध आणि १८८७ चा सुप्रसिद्ध लेख यांत जो सिद्धांत मांडला, त्यात मिठासारख्या पदार्थाचाही रेणू गृहीत धरला होता, आणि द्रावणात त्या रेणूंचा काही भाग फुटतो व काही अखंड राहतो अशी कल्पना होती. १९०३ चे नोबेल पारितोषिक त्याला ज्या कार्यासाठी मिळाले त्याचे थोरपण यामुळे उणावत नाही. पुढे ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये अशा द्रावणात क्षार पूर्णपणे आयनरूपच असतो असे गृहीत धरून गणित मांडले. ते गणित टिकले नाही, परंतु गृहीतक टिकले, आणि १९२३ मध्ये डिबाय व ह्यूकेल यांनी त्याला भक्कम पाया दिला. मराठी पाठांतील वाक्य मात्र १८८७ मध्येच थांबलेले आहे. समीकरण नवे व त्याखालचे वाक्य जुने, असा हा प्रकार.

आता आम्ल. येथे परिस्थिती नेमकी उलटी आहे. हायड्रोजन क्लोराइड हा वायू, आणि त्यात खरोखरीच रेणू आहेत, आयन नाहीत. थंड करून तो द्रवरूप केला तरी त्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. कोरड्या वायूत कोरडा निळा लिटमस धरला तर त्याचा रंग पालटत नाही. येथे अभूततद्भाव आहे. च्वि प्रत्यय शोभतो. प्रश्न उरतो तो पुढच्या शब्दाचा : भवन की करण ? 'भू' धातूने घटना आपोआप घडल्याचे सूचित होते, 'कृ' धातूने ती कोणीतरी घडविल्याचे. हायड्रोजन क्लोराइडचा एकटा रेणू मोकळ्या अवकाशात दोन आयनांत फोडावयाचा तर एका मोलमागे सुमारे १,४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. एवढा खर्च तो रेणू आपणहून करणे शक्य नाही. तो पाणी भागविते. पाण्याचा रेणू प्रोटॉन ओढून घेतो, त्याचा हायड्रोनियम आयन बनतो, आणि दोन्ही आयनांभोवती पाण्याचे इतर रेणू गोळा होऊन ती ऊर्जा भरून काढतात. म्हणजे येथे कर्ता आहे, आणि तो पाणी आहे. 'पाणी हायड्रोजन क्लोराइडचे आयनीकरण करते' हे वाक्य खरे. 'हायड्रोजन क्लोराइडचे पाण्यात आयनीभवन होते' हे वाक्य कर्त्याला सप्तमीत ढकलते. पाणी हे घटनेचे स्थळ ठरते, जणू रंगमंच. हे ध्यानात घेतले म्हणजे समीकरणही पालटावे लागते :

हायड्रोजन क्लोराइड + पाणी → हायड्रोनियम आयन + क्लोराइड आयन

या लेखनामागचा विचार १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड व लॉरी यांनी स्वतंत्रपणे मांडला. आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा आणि त्याचा जोडीदार म्हणजे प्रोटॉन घेणारा. देणे व घेणे ही मराठीतील अगदी नित्याची क्रियापदे. त्यांना कर्ता लागतो, कर्म लागते, आणि देण्याला तर घेणाराही लागतो. चतुर्थीवाचून ते वाक्य अपुरे वाटते. 'आम्ल पाण्याला प्रोटॉन देते' या चार शब्दांत पूर्ण सिद्धांत येतो, आणि त्यांतील तीन शब्द शाळेबाहेरच्या कोणासही कळतात.

रसायन विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी याविषयी बोलणे झाले, तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला तो नमूद करणे न्याय्य होईल. ते म्हणाले, पाणी न दाखविता लिहिलेले समीकरण हा संक्षेप आहे. सर्वच रसायनज्ञ तो वापरतात. द्रावणातील प्रोटॉनाला हायड्रोनियम म्हणणे हाही एक संक्षेपच, कारण तो एका रेणूला चिकटून बसत नाही, सारखा हातोहात फिरत असतो. आक्षेप रास्त आहे. संक्षेपाला विरोध नाही. विरोध आहे तो विस्तार ठाऊक होण्यापूर्वीच हाती दिलेल्या संक्षेपाला. शिवाय समीकरणात पाणी गाळले तरी त्याखालच्या वाक्यात ते कर्तृपदी ठेवण्यास कोणाची आडकाठी आहे ?

आम्लारीच्या बाबतीत घोटाळा दुहेरी आहे. सोडियम हायड्रॉक्साइड हा मिठासारखाच आयनमय घन पदार्थ. त्याचे विचरणच होते. अमोनियाची गत निराळी. जुन्या पाठांत अमोनियम हायड्रॉक्साइड नावाचा रेणू कल्पून तो फुटतो असे लिहिलेले असते. बाटलीवर ते नाव आजही दिसते. परंतु तसा रेणू द्रावणातून वेगळा काढून कोणी दाखविलेला नाही. तो निव्वळ समीकरणाचा साचा सांभाळण्यासाठी कल्पिलेला आहे : आम्लारीने हायड्रॉक्साइड सोडला पाहिजे, तर तो आधी तिच्यापाशी असला पाहिजे, या तर्काने. वस्तुतः अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन पाण्यापासून उरतो.

अमोनिया + पाणी ⇌ अमोनियम आयन + हायड्रॉक्साइड आयन

आम्लापुढे जे पाणी घेणारे होते तेच येथे देणारे झाले. 'आम्लारी' या नावाविषयीही एक शब्द लिहिणे भाग आहे. आम्लाचा अरि, म्हणजे शत्रू, हे नाव उदासिनीकरणाच्या प्रयोगावरून सुचले असावे. आम्लाशी गाठ पडली की दोघांचेही गुण नाहीसे होतात, म्हणून वैर. परंतु नव्या विचाराप्रमाणे प्रोटॉन देऊन टाकल्यावर आम्लाचा जो अवशेष राहतो तोच त्या आम्लाची जोडीची आम्लारी होय. आपलाच उर्वरित भाग आपला शत्रू, असा अर्थ त्या नावातून निघतो. नाव आता रुळले आहे व ते बदला असे म्हणण्यात अर्थ नाही. पण त्यातील रूपक वर्गात उलगडून सांगू नये, हे बरे.

तेव्हा आम्ल, आम्लारी व क्षार या तीन वर्गांना तीन वाक्ये लागतात असेही नाही. वाक्ये दोनच आहेत. जेथे आयन आधीच आहेत तेथे सुटण्याचे वाक्य. जेथे नाहीत तेथे देण्याघेण्याचे. क्षार व सोडियम हायड्रॉक्साइड एका बाजूस पडतात, हायड्रोजन क्लोराइड व अमोनिया दुसऱ्या. पुस्तकातील तीन रकान्यांची मांडणी या भेदाला आडवी छेदून जाते, आणि तीनदा छापलेले एकच वाक्य तो भेद पुसून टाकते.

वर अमोनियाच्या समीकरणात दुहेरी बाण आला आहे, त्याकडे वळू. एकेरी बाण मराठीत वाचणे हेही सोपे नाही, कारण इंग्रजी वाक्याप्रमाणे बाण मध्ये येतो व आपले क्रियापद शेवटी. वर्गात 'हायड्रोजन क्लोराइड देते हायड्रोजन आयन अधिक क्लोराइड आयन' असे जे ऐकू येते, ते मराठी शब्दांचे इंग्रजी वाक्य आहे. मराठीत बाणाचे काम दोन ठिकाणी वाटून द्यावे लागते : बाणापूर्वीच्या नामाला 'पासून' अथवा 'ला' लावावयाचा, आणि क्रियापद शेवटी आणावयाचे. ही काही उणीव नव्हे. विभक्तीमुळे प्रत्येक नामाची भूमिका उघड होते. समीकरणातील अधिक चिन्ह ती सांगत नाही.

दुहेरी बाण मात्र वेगळ्या कारणाने अवघड जातो. व्हान्ट हॉफने १८८४ मध्ये हे चिन्ह वापरले ते दोन्ही दिशांनी एकाच वेळी चालू असलेल्या व्यापारासाठी. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल घ्या. लिटरला दशांश मोल या प्रमाणातील त्याच्या द्रावणात, २५ अंश सेल्सियसला, दर हजारी सुमारे तेराच रेणू आयनरूपात असतात. याचे पाठातील वाक्य : 'ॲसेटिक आम्लाचे अंशतः विचरण होते.' तपासणीसाठी नमुन्यादाखल आलेल्या उत्तरपत्रिकांत या 'अंशतः' चे दोन अर्थ दिसले. काहींच्या मते प्रत्येक रेणू थोडाथोडा तुटतो, पुरता तुटत नाही. काहींच्या मते तेरा तुटतात, मग क्रिया थांबते आणि उरलेले कायमचे अखंड राहतात. दोन्ही अर्थ त्या वाक्यातून सरळ निघतात. विद्यार्थ्यांनी भाषा नीटच वाचली आहे. खरे पाहता कोणतेही तेरा ठरलेले नाहीत. या क्षणी फुटलेले पुढच्या क्षणी जुळतात, जुळलेले फुटतात, आकडा तेवढा कायम राहतो. हे सांगण्यासाठी क्रियाविशेषण नको, क्रियापदाचा काळ हवा. मराठीत 'होते', 'झाले' आणि 'होत असते' हे तीन निराळे प्रयोग आहेत. 'ॲसेटिक आम्ल पाण्याला प्रोटॉन देत असते व परत घेत असते. कोणत्याही क्षणी हजारांत तेराच रेणू दिलेल्या स्थितीत सापडतात.' इंग्रजीला ज्या अर्थासाठी समतोलाची वेगळी संज्ञा समजावून द्यावी लागते, तो आपल्याला 'असते' या साध्या सहायक क्रियापदात मिळतो. पाठांत तो वापरलेला दिसला नाही. शास्त्रीय लेखन म्हणजे 'होते'कारान्त लेखन, हा समज त्याच्या आड आला असावा.

गंधकाम्लासारख्या आम्लात हे दोन्ही बाण एकामागून एक येतात, पहिला प्रोटॉन एकेरी बाणाने व दुसरा दुहेरीने; तेथे 'देऊन टाकते' आणि 'देत असते' असा भेद ठेवला की पुरे.

शेवटी 'क्षार' या शब्दाविषयी. वरील सर्व विवेचनात तो शालेय पुस्तकांच्या रूढीप्रमाणे वापरला आहे : आम्ल व आम्लारी यांच्या संयोगाने होणारा पदार्थ, मीठ ज्याचे उदाहरण. परंतु मराठी विश्वकोशाची, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, रूढी वेगळी आहे. तेथे मिठाच्या वर्गाला लवण म्हणतात, आणि क्षार व क्षारक हे शब्द विरुद्ध बाजूस, आम्लाच्या जोडीदाराकडे, जातात. हिंदी पुस्तकांतही असेच. जुन्या संस्कृत वापराचाही कौल तोच : सुश्रुतसंहितेतील क्षार हा वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून केलेला दाहक पदार्थ आहे, आणि त्याचा दाह आम्ल पदार्थाने शमतो हेही तेथे सांगितले आहे. एकाच भाषेत, एकाच शास्त्रात, एक शब्द दोन परस्परविरुद्ध वर्गांना लावला जावा आणि त्याची कोणी दखल घेऊ नये, हे परिभाषेच्या नामचर्चेचेही अपयशच म्हटले पाहिजे.

उत्तरपत्रिकांतील एक येथे आठवते. 'क्षारांचा एक गुणधर्म लिहा' या प्रश्नाला विदर्भातील हिंदी सीमेलगतच्या एका गावातील विद्यार्थिनीने 'क्षार तांबडा लिटमस निळा करतो, उदाहरणार्थ पापडखार' असे लिहिले होते. परीक्षकांनी त्याला गुण दिला नव्हता. शालेय व्याख्येप्रमाणे हा गुणधर्म आम्लारीचा. तिने हिंदी पुस्तक वाचले होते, की घरातल्या बोलीवरून लिहिले, हे कळण्यास मार्ग नाही. बोलीत 'खार' या तद्भव शब्दाला दोन्ही अर्थ आहेत : खारे पाणी, खारवलेले मासे येथे तो मिठाकडे जातो, पापडखार, जवखार, सज्जीखार येथे राखेच्या दाहक अर्थाकडे. आता पापडखार म्हणजे मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट किंवा बायकार्बोनेट. रासायनिक वर्गीकरणाने तो क्षारच, शालेय अर्थानेदेखील. कार्बोनेट पाण्यात पडले की त्याचे आयन प्रथम मिठासारखे सुटे होतात, आणि मग पुढचे वाक्य सुरू होते :

कार्बोनेट आयन + पाणी ⇌ बायकार्बोनेट आयन + हायड्रॉक्साइड आयन

पाणी येथे पुन्हा देणारे आहे, कार्बोनेट घेणारे. उरलेल्या हायड्रॉक्साइडने तांबडा लिटमस निळा होतो. सर्वच क्षारांचे असे होत नाही. मिठाच्या द्रावणाने लिटमस बदलत नाही, आणि नवसागराच्या द्रावणाने निळा लिटमस तांबूस होतो. परंतु तिने उदाहरण दिले होते ते पापडखाराचे, आणि पापडखारापुरते ते उत्तर क्षाराच्या दोन्ही व्याख्यांनी बरोबर आहे. उत्तरपत्रिकेत त्या वाक्याखाली तांबडी रेघ आहे. समासात 'आम्लारी !' एवढेच लिहिलेले आहे.